चरबीतले मायक्रोआरएनए आणि पोटाचा घेर: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हापासून हे प्रश्न येत आहेत. काही विद्यार्थ्यांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांचे. मी रत्नागिरी जिल्ह्यात कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे कुठली गोळी घ्यायची हे इथे सापडणार नाही. चरबीच्या आत काय चालतं आणि त्यातलं आपल्या कामाचं किती, एवढंच सांगतो.

मायक्रोआरएनए म्हणजे नेमकं काय?

प्रथिनं कशी बनवायची ही माहिती डीएनएमध्ये असते. ती आधी संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि त्यावरून पेशी प्रथिन बनवते. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा आखूड तुकडा. त्याच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो आपल्याशी जुळणाऱ्या संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटतो, आणि मग ते प्रथिन कमी बनतं किंवा तो संदेशच मोडीत निघतो.

लग्नघरात आतून आचाऱ्याकडे निरोप जातो, ‘वीस नारळ खवा.’ वाटेत एखादी आत्या निरोप्याला गाठून म्हणते, ‘वीस कशाला? दहा पुरेत.’ पेशीत मायक्रोआरएनए त्या आत्याचं काम करतो. आता अशी एकच आत्या शंभर निरोपांत लुडबुड करते आणि एकाच निरोपात चार आत्या हात घालतात. म्हणून तर अमुक मायक्रोआरएनएमुळे अमुक आजार होतो, असं सरळ वाक्य या विषयात सहसा लिहिता येत नाही.

पहिला मायक्रोआरएनए १९९३ साली सापडला, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स नावाच्या कृमीत. त्याचं नाव लिन-४. हा त्या कृमीचाच काहीतरी चमत्कारिक प्रकार असावा, असं समजून फार कोणी लक्ष दिलं नाही. २००० साली रव्कन यांच्या गटाला दुसरा सापडला, लेट-७. तो माणसासकट बहुतेक प्राण्यांत निघाला आणि मग धावपळ सुरू झाली. आज माणसातले हजाराहून जास्त माहीत आहेत. त्यांना ‘मिर’ आणि पुढे क्रमांक अशी नावं देतात: मिर-१४३, मिर-१५५ वगैरे.

चरबी म्हणजे नुसता साठा ना? तिथे याचं काय काम?

कॉलेजात मी शिकलो तेव्हा पुस्तकात तसंच होतं: साठवण, ऊब, धक्क्यांपासून संरक्षण. १९९४ साली लेप्टिन सापडलं आणि हे चित्र बदललं. लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात आणि मेंदूला साठा किती आहे ते कळवतात. पुढे अ‍ॅडिपोनेक्टिन सापडलं. ते इन्सुलिनला मदत करतं, आणि गंमत म्हणजे चरबी वाढली की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. म्हणजे चरबी ही अंतःस्रावी ग्रंथीसुद्धा आहे.

मायक्रोआरएनए इथे दोन ठिकाणी दिसतात. एक, चरबीची नवी पेशी तयार होताना. कच्ची पेशी पक्की चरबीपेशी व्हायची तर पीपार-गॅमा नावाचं प्रथिन लागतं. मिर-२७ ते दाबून धरतो, तर मिर-१४३ पेशी पक्की व्हायला हातभार लावतो. नवी पेशी तयार झाली तर वाईटच, असं आपल्याला वाटतं. पण जास्तीचं तेल ठेवायला नवी पेशी नसेल तर जुन्याच पेशी फुगत जातात. पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने त्या आजारतात, आणि मावेनासं झालेलं तेल यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतं. खरं दुखणं ते.

दुसरं ठिकाण म्हणजे दाह. फुगलेल्या चरबीपेशी सीसीएल-२ नावाचं रसायन सोडतात आणि त्याच्या मागावर भक्षकपेशी, म्हणजे मॅक्रोफेज, चरबीत शिरतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली ५६ जणांच्या त्वचेखालची चरबी तपासली. लठ्ठ व्यक्तींत ११ मायक्रोआरएनए कमी झालेले आढळले, आणि त्यांतल्या १० मायक्रोआरएनएंचा प्रयोगशाळेतल्या चरबीपेशींच्या सीसीएल-२ वर परिणाम होत होता. मिर-१२६ आणि मिर-१९३बी हे दोघे ते नेमकं कसं करतात याची साखळीसुद्धा त्यांनी मांडली. लगाम ढिला झाला की दाह वाढतो, असा त्याचा अर्थ.

चरबीतला मायक्रोआरएनए रक्तातून दुसऱ्या अवयवात जातो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत रस वाटतो तो इथेच.

पेशी आपल्या आतला थोडा ऐवज अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून बाहेर सोडते. या थेंबांना एक्सोझोम म्हणतात. त्यांत मायक्रोआरएनए असतात. रक्तात सुटा आरएनए पटकन नष्ट होतो, पण थेंबाच्या आवरणात तो टिकतो. हे थेंब येतात कुठून, हा प्रश्न होता.

बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या फक्त चरबीत डायसर नावाचं विकर नव्हतं. डायसर नसेल तर बहुतेक मायक्रोआरएनए तयारच होत नाहीत. बाकी सगळ्या अवयवांत ते नीट होतं. तरीही या उंदरांच्या रक्तातल्या एक्सोझोममधले मायक्रोआरएनए मोठ्या प्रमाणात घटले. अंगात चरबीच कमी असण्याचा आजार झालेल्या माणसांतही तसंच दिसलं. म्हणजे रक्तात फिरणाऱ्या या मालाचा मोठा पुरवठादार चरबीच. मग त्यांनी निरोगी उंदरांची चरबी या उंदरांत बसवली. बरेच मायक्रोआरएनए परत आले, साखर हाताळण्याची क्षमता सुधारली आणि यकृतातल्या एका जनुकाची पातळी खाली आली. त्यातही तपकिरी चरबी जास्त गुणाची ठरली. हा अभ्यास २०१७ सालचा.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथे जेरोल्ड ओलेफ्स्की यांच्या गटाने आणखी थेट प्रयोग केला. लठ्ठ उंदरांच्या चरबीतल्या मॅक्रोफेजनी सोडलेले एक्सोझोम गोळा करून सडपातळ उंदरांना टोचले. उंदीर सडपातळच राहिले, पण त्यांचं इन्सुलिन नीट काम करेना. उलट, सडपातळ उंदरांकडचे एक्सोझोम लठ्ठ उंदरांना दिल्यावर त्यांची साखर सुधारली, वजन मात्र तेवढंच. या गडबडीत मिर-१५५ चा हात असल्याचं त्यांनी दाखवलं.

वजनकाट्यावर काही न बदलता आतली साखर बिघडते आणि सुधारतेही. उंदरांत का होईना, हे डोळ्यांसमोर आलं.

पोटातली चरबी आणि मांड्यांवरची चरबी, दोन्ही सारखीच ना?

नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघालेलं रक्त थेट यकृतात जातं. मांड्यांच्या चरबीचं तसं नाही. शिवाय पोटातल्या चरबीत दाह जास्त असतो. कंबरेखाली भरलेल्या बाईपेक्षा काटक्या पायांच्या ढेरपोट्या माणसाला धोका अधिक.

“मी खंय जाडो आसंय? माका शुगर कशी लागली?”

हा प्रश्न मला मालवणपासून मुरुडपर्यंत सगळीकडे भेटतो, आणि विचारणारा खरंच जाडा नसतो. वजन साठ-बासष्ट किलो, दंड बारीक, पिंढऱ्या सुकलेल्या. पण बनियन वर करायला सांगा. लुंगीची गाठ बेंबीच्या चार बोटं खाली गेलेली असते आणि वर छोटंसं, घट्ट पोट. पँट घालणाऱ्यांचं तर आणखी फसवं. पट्टा पोटाखाली बांधायची सवय लागली, की वीस वर्षं बत्तीस नंबरचीच पँट होते आणि माणूस समजतो, आपण आहोत तसेच आहोत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या शरीरयष्टीवर आयुष्यभर काम केलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. याची सुरुवात जन्माआधीच होते, हेही पुण्याजवळच्या गावांतल्या त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही.

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर झाली की सावध व्हायचं. बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा, अशी भारतीयांसाठीची मापं आपल्याकडे बरीच वर्षं वापरात आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे २०२३ साली आले. त्यांत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात आपला लुंगीवाला बसलेला आहे.

चिपळूण तालुक्यात डेरवणच्या रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, पुढच्या पिढीच्या आजारांची मुळं आईच्या कुमारवयात शोधायला. घराजवळ चाललेलं हे काम आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

कंबर मोजायची कुठे? बेंबीवर?

सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप. श्वास सहज सोडल्यावर वाचा. पोट आत ओढू नका. शिंप्याची टेप जुनी असेल तर ताणून सैल झालेली असते, ती नको.

आम्ही रोज मासे खातो. मग आम्हाला कसली कमतरता?

इथे ब-१२ जीवनसत्त्वाचा धागा आहे आणि तो थेट मायक्रोआरएनएपर्यंत जातो. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या चरबीपेशी ब-१२ कमी ठेवून वाढवल्या. त्यांच्यातले काही मायक्रोआरएनए बदलले, आणि नेमके पीपार-गॅमा आणि इन्सुलिन ग्राहक (इन्सुलिनचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन) यांच्यावर काम करणारे बदलले. ब-१२ कमी असलेल्या गरोदर बायकांच्या रक्तातही तसेच बदल दिसले. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं.

बांगडा, तारली, तिसऱ्या यांत ब-१२ भरपूर. माणसाला रोज लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम. तेव्हा रोज मासे खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नंतर श्रावण, म्हणून कोणी काळजी करत असेल तर तीही सोडा. यकृतात ब-१२ चा साठा बराच काळ पुरतो, आणि पावसाळ्यात सुकट-बोंबील असतातच.

मात्र घरात मासे शिजतात म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या ताटात पडतात, असं नाही. तुकड्या आधी पुरुषांना आणि मुलांना, मागाहून जेवणाऱ्या सुनेला रस्सा आणि शेपटी, हे मी अजून पाहतो. शाकाहारी घरांत प्रश्न उघडच आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर त्यानेही ब-१२ घटतं, ते तपासून घ्या. ब-१२ ची गोळी घेऊन पोट कमी होत नाही, हेही सांगून ठेवतो. दुकानदार वेगळं सांगेल.

आजी-आजोबांनी उपासमार काढली, त्याचा परिणाम नातवंडांवर होतो का?

उंदरांत होतो. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५ साली मांडला. कमी वजनाची पिल्लं, पोटात चरबी, इन्सुलिनला दाद न देणारी शरीरं आणि रक्तात ब-१२ कमी. पुढे दोन पिढ्यांना पोटभर खायला घातलं तरी ते पालटलं नाही. तिथे कारण म्हणून दिसला तो डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या खुणांतला बदल. मायक्रोआरएनए हा त्याच नियंत्रणाचा दुसरा मजला.

पेज आणि सुक्या मासळीच्या तुकड्यावर भातलावणी उरकणारी पिढी आणि मोटरसायकलवरून उतरून वडापाव खाणारी पिढी यांच्यात आपल्याकडे पन्नास नाही, दोनच पिढ्यांचं अंतर आहे. शरीराला तेवढा वेळ पुरतो असं मला वाटत नाही.

मग भात बंद? नारळ बंद?

कोकणी माणसाला भात बंद करायला सांगणारे डॉक्टर स्वतः घरी काय खातात, हे एकदा विचारायला हवं. भाताचा ढीग कमी करा, बाजूला कुळथाची पिठी, उसळ किंवा मासा वाढवा. नाचणीची भाकरी आपल्याकडे होतीच, ती परत आणा. नारळाच्या तेलात सुमारे नऊ दशांश चरबी संपृक्त असते आणि तिने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, तेव्हा ‘नारळाचं तेल औषधी’ म्हणून चमचे पिऊ नका. आमटीतल्या वाटपाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते चहाबरोबरच्या खारी-टोस्टशी, फरसाणाच्या पुड्याशी आणि टपरीवरच्या थंड पेयाशी. ही मंडळी आपल्या ताटात कधी जेवण म्हणून मोजलीच जात नाहीत.

तांदळातला मायक्रोआरएनए आपल्या रक्तात उतरतो, असं वाचलं. भात खाणाऱ्यांना धोका आहे का?

ही बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. चीनमधल्या नानजिंग विद्यापीठातल्या गटाने २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध केलं, की तांदळातला मिर-१६८ए माणसांच्या रक्तात सापडतो आणि उंदरांच्या यकृतात कोलेस्टेरॉलशी संबंधित एका जनुकाला दाबतो. जगभर खळबळ उडाली. मग इतर प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं आणि त्यांना तसं आढळलं नाही. शिजवताना आणि पचनात आरएनए मोडतो. उरतो तो इतका किरकोळ, की त्याने काही घडावं असं बहुतेक तज्ज्ञांना वाटत नाही. भाताने साखर वाढते ती त्यातल्या पिष्टाने.

याची रक्ततपासणी मिळते का? करून घेऊ?

घाई नको. रक्तातले मायक्रोआरएनए मोजता येतात, पण धोक्याचं निदान करायला सर्वमान्य अशी कुठलीही चाचणी रोजच्या वापरात आलेली नाही. कारण समजण्यासारखं आहे. रक्त काढताना लाल पेशी थोड्या जरी फुटल्या तरी त्यांतले मिर-१६ आणि मिर-४५१ नमुन्यात मिसळतात आणि आकडे बिघडतात. दोन प्रयोगशाळांची पद्धत वेगळी, म्हणून निकालही वेगळे.

त्यापेक्षा पाच साध्या गोष्टी बघा: कंबर वर सांगितल्याइतकी किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतल्या तीन गोष्टी लागू पडल्या तर त्याला चयापचय विकार-समूह म्हणतात. तालुक्याच्या गावी एका सकाळी हे सगळं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणीही करतात, पण अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा दगा देतो. डॉक्टरांना तसं आधी सांगा.

मायक्रोआरएनएवर औषध कधी येणार?

लठ्ठपणासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी, मायक्रोआरएनएवर बेतलेलं एकही औषध आजवर मंजूर झालेलं नाही. २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांतले मिर-१०३ आणि मिर-१०७ दाबले आणि इन्सुलिनचं काम सुधारलं. तेव्हा फार आशा होती. पण एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो, त्यामुळे काय काय हलेल ते सांगता येत नाही. कर्करोगावरच्या मिर-३४ए औषधाची माणसांवरची चाचणी २०१६ साली गंभीर प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली. कोलेस्टेरॉलसाठी निघालेलं इन्क्लिसिरान हे त्याच्या चुलतघराण्यातलं. ते एकाच जनुकावर नेम धरतं, म्हणून जमलं.

व्यायामाने किंवा वजन उतरवून यात फरक पडतो?

पडतो. वय वाढतं तसं उंदरांच्या चरबीतलं डायसर घटतं आणि कमी खाल्ल्याने ही घट रोखली जाते, असं २०१२ साली दिसलं. २०२० सालच्या अभ्यासात व्यायामाने चरबीतलं डायसर वाढलं. उलट बाजूही आहे. २०२४ साली झुरिकहूनच आलेल्या कामात, वजन उतरल्यावरही चरबीपेशींत लठ्ठपणाच्या खुणा रेंगाळताना आढळल्या. वजन परत का चढतं याचं एक उत्तर त्यात असावं. आहार सोडताच सहा महिन्यांत पूर्ववत झालेल्या माणसाला ‘तुझ्यात चिकाटीच नाही’ म्हणून बोलणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावं.

संशोधनासाठी चरबीचा नमुना देता येतो का? दुखतं का?

बेंबीच्या बाजूला थोडी जागा बधिर करून सुईने काढतात. आतल्या चरबीचा तुकडा मात्र पित्ताशयासारखी शस्त्रक्रिया चालू असतानाच मिळतो. काढलेला नमुना लगेच द्रव नायट्रोजनमध्ये जातो आणि मग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये, कारण उबेत आरएनए चटकन मोडतो. कोकणात खरी अडचण तिथे आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं नमुने सांभाळायचे तर जनरेटर आणि डिझेलची सोय आधी लागते.

कोणी नमुना मागितला तर संमतीपत्र मराठीत मागून घ्या. नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का आणि तुमचे आकडे तुम्हाला कळवणार का, हे सही करण्याआधी विचारा. मध्येच नाही म्हणायचा हक्क तुम्हाला असतो आणि त्यामुळे तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.